देवाचा लगाम

हैबतीअण्णांची नवी घोडी गोठ्यात कुत्र्यासारखी बसली होती.

घोडं असं बसत नाही. ते उभं राहतं, नाहीतर आडवं पडतं. ही मात्र मागचं धड जमिनीला टेकवून, पुढचे दोन पाय रोवून बसली होती. उठायला धडपडायची, पण मागचे पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे नुसते घसरायचे. खालून मूत आपोआप गळत होतं, त्यातच ती बसली होती. नाकातला शेंबूड लोंबून तोंडातल्या लगामावर उतरत होता. लगाम चांदीचा होता, आणि तो देवाचा होता.

माझा विश्वास बसेना. "अण्णा, ह्यो तर भैरोबाचा लगाम."

"मग? देवाचा हाय म्हनूनच लावलाय," अण्णा म्हणाले. "वात धरलाय तिला. उद्या सकाळपातूर उठंल."

मी आले होते निरोप द्यायला. घोडी उचलायला अण्णांनी माझ्या नवऱ्याला, धाकलूला, बोलावणं धाडलं होतं आणि तो किराणा आणायला गेला होता. एवढंच सांगून परत फिरायचं, पण मी तिथंच उभी राहिले. अण्णांनी घोडीच्या जबड्यातून लगाम ओढून काढला. लाळेची तार लांबत आली आणि त्यांच्या मनगटावर तुटून पडली. त्यांनी लगाम धोतराच्या सोग्याला पुसला, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, आणि खुंटीवरच्या लाल रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवला. मग त्याच हातांनी तंबाखू मळायला घेतली.

"कुनाला बोलू नगंस, सगुणे," तंबाखू ओठाखाली ठेवत ते म्हणाले. "परवा देवाचा दिस हाय."

बाहेर पडताना अण्णांच्याच वरच्या पागेसमोर नव्याकोऱ्या निळ्या बादल्यांची रांग दिसली. घोड्यागणिक एक बादली. बाकी आम्ही सगळे एकाच हौदावर घोडी पाजायचो. श्रीमंताचा थाट, मी मनात म्हटलं आणि घरी आले.

आमचं वाघेश्वर हे थंड हवेचं ठिकाण. मोटारी खालच्या नाक्यावर थांबतात, तिथून पुढं पाहुण्यांना पॉइंट दाखवायचे ते घोड्यावरून. घोडे उभे राहतात त्या जागेला तळ म्हणतात, आणि तळावर उभं राहायचं तर सरकारी बिल्ल्याच्या आधी देवाचं कापड लागतं. चैत्रात, सीझनच्या तोंडावर, पठारावरचं झाडून सगळं घोडं भैरोबाच्या पायरीशी आणायचं. मानकरी त्याच्या तोंडात देवाचा लगाम घालतो, घोडं दोनदा चावतं, कपाळाला गुलाल लागतो, गळ्यात लाल कापड बांधलं जातं, आणि तोच लगाम पुढच्या घोड्याच्या तोंडात. कापड नाही त्याला वर्षभर तळ नाही. ज्याच्या तोंडाला लगाम लागला त्याला रोगराई शिवत नाही असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

मान शेलारांचा, म्हणजे हैबतीअण्णांचा. लगाम त्यांच्याच घरी राहायचा, आणि तळावर सगळ्यात जास्त घोडेही त्यांचेच. देवाचा शब्द आणि अण्णांचा शब्द यात आमच्याकडे कुणी फारसा फरक करत नसे.

आम्हा ढेब्यांची एकच घोडी, पाखरी. अंगानं लहान, रंगानं मातकट, पण पायाची इतकी सावध की पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाया 'आम्हाला तीच द्या' म्हणून अडून बसायच्या. तेव्हा ती गाभण होती आणि दिवस भरत आले होते. धाकलू तिच्या पोटाला कान लावून बसायचा आणि मला म्हणायचा, "तुझ्या येळंला बी मी एवढं ऐकलं न्हवतं." खरं बोलत होता मेला. आमची चूल त्या घोडीवर पेटायची, आणि शिंगरू मोठं झालं की पेटायच्या दुसऱ्या चुलीचं स्वप्न त्यानं आधीच रंगवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरीण मुलाणी मॅडम तळावर आल्या. घोड्यांपासून चार हात लांबच उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं बाई घाबरतात. मग त्या बोलायला लागल्या.

"खालच्या घोडेबाजारात साथ आली आहे. आधी ताप येतो, नाक वाहतं. मग काही घोड्यांच्या मज्जारज्जूवर जाते. मागचे पाय लुळे पडतात, लघवी गळत राहते, घोडं कुत्र्यासारखं बसतं. गाभण घोडी गाभडते, पोटातलं शिंगरू पडतं. यावर औषध नाही. रोग नाकातोंडातून पसरतो. एका बादलीतलं पाणी, एकाचा लगाम दुसऱ्याला, माणसाचे न धुतलेले हात. माणसाला हा रोग होत नाही, पण माणूस तो घरोघर पोचवतो. तुमच्यापैकी कुणी त्या बाजारातून घोडं आणलंय?"

सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या.

"आनली हुती एक घोडी," अण्णा म्हणाले. "पटली न्हाय. परत धाडली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "परत कुटं धाडली? काल मी माझ्या डोळ्यांनी बगितली. अशीच बसली हुती, मॅडम सांगत्यात तशी. आन् तिच्या तोंडात देवाचा लगाम हुता."

धाकलूनं माझा पदर मागून ओढला. अण्णा चिडले नाहीत. ते हसले, आणि ते हसणं चिडण्यापेक्षा ओंगळ होतं.

"धाकल्या, घोडी गाभण आन् डोहाळं तुझ्या बायकूला लागल्याती व्हय रं? चला मॅडम, गोठा बगा."

गोठा नुकताच शेणानं सारवलेला होता. ओलसुद्धा सुकली नव्हती. घोडी नव्हती, दावं नव्हतं, गवताची काडी नव्हती. गोठ्यामागच्या दरीवर मात्र घारी घिरट्या घालत होत्या. मॅडमनी मान वर करून त्या घारींकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं आणि सगळे मूग गिळून उभे होते. त्या दरीत उतरून नमुना कोण आणणार?

"माझ्याकडे पुरावा नाही, त्यामुळं आज मी हुकूम काढू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हात जोडून सांगते, दोन-तीन आठवडे घोडी एकमेकांपासून लांब बांधा. या वर्षी लगामाचा कार्यक्रम करू नका."

म्हातारे नथूबा आखाडे पुढं झाले. त्यांचाही एकच घोडा, काळा. "लगाम न्हाय लावायचा? आन् मग रोग आला म्हंजी?"

"लगामानंच येईल, बाबा. निदान प्रत्येक वेळी उकळून तरी घ्या."

"देव कुनाच्या चुलीवर चढत न्हाय, मॅडम," अण्णा म्हणाले, आणि सगळा तळ खदाखदा हसला. कालपर्यंत ज्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जात होते ती माणसं दात काढून हसत होती. मला त्यांची शिसारी आली.

जाताना मॅडमनी मला बाजूला घेऊन हात धुवायचं औषध दिलं. "घोडी कुठं लांब नेता येईल?"

"माझ्या म्हायेरी. पल्याडच्या डोंगराच्या सोंडंवर एकच घर हाय."

"मग आजच न्या."

पण घोडी माझ्या एकटीची नव्हती. धाकलू घरी आला तो धुसफुसतच.

"चारचौगांत अण्णाला खोटं पाडतीस? उद्या त्यानं तळावरनं हाकललं तर खायाचं काय? कापड न्हाय तर तळ न्हाय, तळ न्हाय तर चूल न्हाय."

"आन् घोडीच न्हाय तर? तळावर काय तुमी चार पायांवर हुबं ऱ्हानार?"

"देवाचा लगाम हाय त्यो!"

"देवाचा हाय. शेंबूड तर अण्णाच्या घोडीचा हाय न्हवं? अवं, म्या बगितलाय. धोतराला पुसला त्यानं."

धाकलूनं पायताण काढून कोपऱ्यात टाकलं. मग म्हणाला, "देव बगून घील." हे वाक्य माणूस कधी म्हणतो ते मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. स्वतःला बघायचं नसतं तेव्हा म्हणतो.

देवाच्या दिवशी सकाळी पायरीशी घोड्यांची रांग लागली. ढोल, हलगी, गुलाल, नारळ. बायका कट्ट्यावर बसायच्या, पण मी धाकलूबरोबर रांगेत चालत गेले, पाखरीच्या मानेवर हात ठेवून. पोट इतकं उतरलं होतं की ती पाय फाकून चालत होती. आमच्या पुढं बरीच घोडी होती, त्यामुळं मला अण्णांचे हात नीट दिसत होते.

पहिला मान त्यांच्याच घोड्यांचा. सरदार हा त्यांचा पांढरा घोडा पायरीशी आला. अण्णांनी फडकं सोडलं, लगाम वर धरून देवाला दाखवला, 'भैरोबाच्या नावानं चांगभलं' झालं, आणि एक हात सरदारच्या जबड्याकडे गेला. तेवढ्यात दुसऱ्या हातानं त्यांनी गुलालाची अशी मूठ उधळली की समोरचं सगळं लाल झालं. गुलाल खाली बसला तेव्हा कापड बांधून झालं होतं.

पण सरदार काही चावत नव्हता.

लगाम तोंडात गेला की घोडं जबडा हलवतंच. जीभ बाहेर काढतं, लाळ गळते, मान झटकतं. सरदार पाहुण्यासारखा शांत उभा होता. ओठ कोरडे. मग अण्णांचा दुसरा घोडा आला. परत गुलालाची मूठ, परत कोरडे ओठ. तिसरा, चौथा, तसंच. या वेळी मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. लगाम तळव्यात वळवून ते घोड्याच्या गालाला नुसता टेकवत होते.

त्यांची घोडी संपली आणि लोकांची सुरू झाली. आता गुलालाच्या मुठी चिमटीवर आल्या. अण्णा एका हातानं जबडा उघडत होते आणि दुसऱ्या हातानं लगाम पार दाढेपर्यंत सारत होते. मन लावून. घोडी चावत होती, लाळ गाळत होती. तोच ओला लगाम पुढच्या तोंडात, तिथून पुढच्या. लाळ त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत होती, तिच्यात गुलाल मिसळून रक्तासारखा लाल चिखल झाला होता, आणि त्याच हातानं ते मालकांना खोबऱ्याचा प्रसाद देत होते. लोक तो डोळ्यांना लावून खात होते.

आणि मग मला त्या निळ्या बादल्या आठवल्या. घोड्यागणिक एक. नवी घोडी खालच्या गोठ्यात एकटी, बाकीची वरच्या पागेत. मुलाणी मॅडम यायच्या आधीपासून. या माणसाला बाजारातच सगळं कळलं होतं. कार्यक्रम थांबवावा तर रोग आपण आणला हे कबूल करावं लागणार, म्हणून त्यानं स्वतःचं तेवढं झाकलं होतं आणि बाकी पठार देवाच्या नावानं उघडं टाकलं होतं.

आमची पाळी आली. अण्णांनी पाखरीचा जबडा धरायला हात पुढं केला आणि मी माझा तळवा तिच्या तोंडावर आडवा धरला.

"सगुणे, हात काड."

"अण्णा, सरदारच्या तोंडात लगाम गेला न्हाय."

हलगी थांबली.

"खुळी का काय? समद्यांनी बगितलं."

"समद्यांनी गुलाल बगितला. गेला असंल तर बरंच हाय. आता परत घाला. देवाचा लगाम दोनदा लागला तर वंगाळ हुतंय का?"

सरदार तिथंच होता, दोन पावलांवर. लगाम अण्णांच्या हातात होता आणि त्यावरून लाळ टपटप पायरीवर पडत होती. दोन पावलं चालायची आणि घोड्याच्या तोंडात चांदी घालायची, जे त्यांनी आत्ता एवढ्या घोड्यांना केलं होतं. अण्णा हलले नाहीत. त्यांनी एकदा सरदारकडे पाहिलं. बाप पोराकडे बघतो तसं पाहिलं, आणि ते मी पाहिलं, धाकलूनं पाहिलं, सगळ्या रांगेनं पाहिलं.

"देवाचं काम एकडाव हुतं," ते शेवटी म्हणाले. "परत परत करायला ह्यो काय खेळ हाय?"

मला वाटलं, आता लोक बोलतील. आता कुणीतरी त्यांच्या हातातला लगाम हिसकावून घेईल. एवढं तर आंधळ्यालाही दिसलं होतं.

आमच्या मागं नथूबा होते. त्यांनी आपल्या काळ्याची दोरी ओढली आणि मला कोपरानं बाजूला सारून पुढं झाले.

"अण्णा, आमचं उरका," ते म्हणाले. "ऊन व्हतंय."

काळ्यानं लगाम चावला. हलगी परत सुरू झाली. मला अण्णांची आली नाही एवढी किळस त्या रांगेची आली. अण्णा निदान आपल्या घोड्यांना तरी जपत होते.

धाकलूनं पाखरीचं तोंड घराकडं वळवलं आणि चालू लागला. तळाजवळून जाताना कुणीतरी ओरडलं, "धाकल्या, कापड?" त्यानं वळून पाहिलं नाही. दुपारच्या आत आम्ही पल्याडच्या सोंडेवर माझ्या माहेरी होतो. मी मॅडमच्या औषधानं आधी माझे हात धुतले, मग त्याचे. तो पोरासारखे हात पुढं करून बसला होता.

पुढचं फार सांगत नाही. सांगायला लागले की जेवण जात नाही. आठवडाभरात तळावर घोड्यांना ताप चढला. मग शेपट्या लोंबल्या, मुताच्या धारा लागल्या, आणि एकेक करून ती बसू लागली. कुणी पोटाखालून पोती घालून झाडाला टांगून उभी केली, कुणी रॉकेल पाजलं. काही वाचली, पण मागून वाकडी चालत राहिली. दोन घोड्या गाभडल्या. नथूबांचा काळा त्यांच्या दारातच मेला, आणि म्हातारा म्हणे त्याच्या तोंडात हात घालून बघत होता, जीभ गरम आहे का म्हणून. हुकूम निघाला, तळ बंद झाला, सगळा सीझन बुडाला. अण्णांच्या पागेत एकही घोडं आजारी पडलं नाही. 'देवाची कृपा बघा,' लोक म्हणाले. हो, असं म्हणाले!

सोंडेवर पाखरी व्याली. मादी झाली, आईसारखीच मातकट. उभी राहायला तिनं तीनदा आपटी खाल्ली, आणि दरवेळी तिचे मागचे पाय घसरले की माझा जीव वर जायचा. चौथ्यांदा चारी पायांवर उभी राहिली. धाकलू रडला. आम्ही तिचं नाव भिंगरी ठेवलं.

वर्ष गेलं. लोकांनी कुठून कुठून नवी घोडी आणली. आम्हीही परत वाघेश्वरला आलो. चैत्रात देवाच्या दिवशी सकाळी मी अंगणात भिंगरीला खरारा करत होते, तर दारात हैबतीअण्णा. पांढरंशुभ्र धोतर, हातात नारळ, आणि नव्या रेशमी फडक्यात लगाम.

"वैनी, हायती का घरात?"

आयुष्यात पहिल्यांदा मला वैनी म्हणाले. धाकलू घरात नव्हता. मी बसा म्हटलं नाही, तरी ते ओट्यावर बसले.

"औंदा पयला मान तुमच्या पाखरीचा," ते म्हणाले. "म्या ठरिवलंय."

"का?"

त्यांनी घसा खाकरला. "लोकं तिकडं पायरीशी हुबी हायती. पर घोडी म्होरं करंनात. म्हंत्यात, आदी ढेब्यांच्या घोडीला लागू द्या. माझी घोडी सोडली तर तीच तेवडी धड ऱ्हायल्याली. तिनं चावला की समद्यांचा इस्वास बसंल."

"आन् मान राहील शेलारांचा."

"मान देवाचा, वैनी." त्यांनी फडकं सोडलं. लगाम उन्हात लखलखला. "बगा, चिंच लावून घासलाय. आरशावानी झालाय."

भिंगरी हुंगायला पुढं आली. मी तिला मानेला धरून मागं ओढलं.

"चांगला घासलाय," मी म्हटलं. "मग आदी तुमी तोंडात धरा."

अण्णा हसले. मी हसले नाही तेव्हा थांबले.

"मानसाला ह्यो रोग हुत न्हाय. मॅडम तुमच्याच म्होरं बोलल्या. आन् आता तर वरीस झालं, घासला बी हाय. धरा. दोनदा चावा, घोडी चावत्यात तसं. लगेच पाखरीला घिऊन येते."

मी थट्टा करत नव्हते. त्यांनी धरला असता तर मी गेले असते. त्यांनाही ते कळलं. त्यांनी लगाम उचलला, छातीपर्यंत आणला, हनुवटीपर्यंत आणला. तिथं हात थांबला. नाकपुड्या आकसल्या, वरचा ओठ दातांवरून मागं सरकला, गळ्याची घाटी वर-खाली झाली. त्यांना धोतराचा सोगा आठवला की नाही, कोण जाणे. पण ती किळस होती. मी वर्षभर तीच घेऊन जगत होते, त्यामुळं मला लगेच ओळखू आली.

त्यांनी लगाम परत फडक्यात गुंडाळला. नारळ ओट्यावरच राहिला. दाराशी जाऊन म्हणाले, "वैनी, ह्ये कुनाला बोलू नगा."

मी खरारा खाली ठेवला, भिंगरीला बांधलं आणि आडवाटेनं त्यांच्या आधी देवळात पोचले. रांग पायरीशी उभी होती. सगळ्यात पुढं नथूबा होते, नवा तांबडा घोडा घेऊन. माझ्या मागं पाखरी आहे का ते त्यांनी पाहिलं. ती नव्हती. मी काय झालं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

नथूबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "चावला का त्यानं?"

"न्हाय."

म्हाताऱ्यानं तांबड्याचं तोंड घराकडं वळवलं.

"चला," तो मागच्यांना म्हणाला. "ऊन व्हतंय."